मंडळाच्या बैठकीत मूल नसते

पत्राचा सारांश: कोकणातील खाडीकाठच्या एका तालुक्याच्या गावातून हे पत्र आले आहे. पत्रलेखिका जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका आहेत. गावात बरीच वर्षे चालत आलेले एक साहित्य मंडळ आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनालयाच्या माडीवर पंधराएक सभासद जमतात, कविता, गझल, ललित लेख वाचले जातात आणि चहा होऊन बैठक संपते. निवृत्तीनंतर या बाई मुलांसाठी गोष्टी लिहू लागल्या. मंडळात त्या वाचल्या की ‘छान आहे, पण यात बोध कुठे आहे?’ असा प्रश्न हमखास येतो. मंडळातील एका ज्येष्ठ सभासदांनी, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ‘आता जरा मोठ्यांसाठी लिहायला लागा’ असेही सुचवले आहे. आता मंडळाने बालदिनाला बालकथांचा एक प्रातिनिधिक संग्रह काढायचे ठरवले आहे. प्रत्येक सभासदाने एक कथा आणि चार हजार रुपये द्यायचे, पाचशे प्रती छापायच्या. ‘तुम्ही शिक्षिका होतात’ या कारणाने संपादनाचे काम बाईंकडे आले आहे. अकरा कथा आल्या आहेत. बहुतेकांच्या शेवटी ‘म्हणून मुलांनो’ आहे आणि अण्णांची कथा त्यांतली सर्वांत कच्ची आहे. बाई विचारतात: संपादन सोडावे, मंडळच सोडावे, की सगळ्यांचे बोध जसेच्या तसे छापून मोकळे व्हावे? शेवटी एक ओळ आहे: ‘माझ्या गोष्टी खरेच मुलांच्या आहेत का? पुण्याची नातवंडे तर पुन्हा पुन्हा सांगायला लावतात.’ सोबत त्यांनी स्वतःची एक गोष्ट पाठवली आहे.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही जो प्रश्न शेवटच्या ओळीत, जाता जाता विचारला आहे, तो मी सर्वांत आधी घेतो. संपादन ठेवावे की सोडावे आणि मंडळात राहावे की नाही, हे दोन्ही प्रश्न त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत. तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे: तुमची गोष्ट चांगली की वाईट, हे मंडळाने ठरवायचे आणि मंडळाचा निकाल विरुद्ध गेला तर नातवंडांच्या निकालाने त्याची भरपाई करायची. मला यातले कोणतेच न्यायालय मान्य नाही. वाचनालयाच्या माडीवर जमणारी पंधरा माणसे साठीच्या आसपासची आहेत. ती गोष्ट ऐकताना मनात एक काल्पनिक मूल बसवतात आणि त्याला काय शिकवले पाहिजे, याचा विचार करत तुमचे वाचन ऐकतात. ‘बोध कुठे आहे’ हा प्रश्न त्या विचारातून येतो. कंटाळा आला म्हणून तो कोणी विचारलेला नाही. तुमच्या नातवंडांचे उलटे आहे. त्यांना आजी हवी असते, आजीच्या कुशीत झोपायचे असते, गोष्ट जितकी लांबेल तितकी ती हवी असते. त्यांनी ‘पुन्हा सांग’ म्हटले, याचा आनंद जरूर माना, पण हस्तलिखिताची परीक्षा झाली असे मानू नका. तुम्हाला न ओळखणारे, तुमच्याकडून खाऊ न मिळणारे, मधेच उठून जायची मुभा असलेले मूल तुमची गोष्ट ऐकताना काय करते, हे अजून कोणीच पाहिलेले नाही.

बालनाट्य लिहिणाऱ्यांना ही अडचण नसते. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ सुरू केले, रत्नाकर मतकरींनी १९६२ मध्ये ‘बालनाट्य’ ही संस्था काढली, तेव्हापासून मराठी बालरंगभूमीवरच्या माणसांना आपला प्रेक्षक अंधारात का होईना, समोर बसलेला मिळाला. प्रवेश लांबला की चुळबुळ सुरू होते, पाण्याच्या बाटल्या निघतात, आणि पुढच्या प्रयोगाच्या आधी तो प्रवेश कापला जातो. कथा लिहिणाऱ्याला ही चुळबुळ ऐकूच येत नाही. म्हणून ती ऐकू येईल अशी व्यवस्था मुद्दाम करावी लागते, आणि तुमच्या मंडळाने नेमकी तीच केलेली नाही.

आता बोधाकडे वळू. इथे मी तुमच्याशीही थोडा वाद घालणार आहे. तुमच्या पत्रावरून असे दिसते की बोध हाच दोष आहे आणि तो काढला की गोष्ट मुलांची होते. असे नाही. पंचतंत्र राजपुत्रांना नीती शिकवण्यासाठीच सांगितले गेल्याचे त्याच्या प्रस्तावनेतच म्हटले आहे, आणि तरीही मगर आणि माकड आजवर टिकून आहेत. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले ‘श्यामची आई’ तर पानोपानी संस्कारांचेच आहे. तरी त्यातला आंघोळीचा प्रसंग आठवून पाहा. अंग पुसून झाले, पण तळवे ओले आहेत, ते जमिनीवर ठेवले तर माती लागेल, म्हणून लहानगा श्याम धोंड्यावर आईला ओचे पसरायला लावतो. मूल खरेच असा हट्ट करते आणि आई वैतागूनही तो पुरवते. त्यानंतर पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस तसा मनालाही जप, असे आई म्हणते, ते त्या ओल्या पायांमधून येते. आई श्यामला सांगते आणि वाचणारे मूल ते बाजूला बसून ऐकते. तुमच्याकडे आलेल्या कथांमध्ये मात्र शेवटच्या परिच्छेदात पात्रे निघून जातात आणि लेखक पुढे येऊन थेट वाचकाकडे बोट दाखवतो. कोण कोणाला सांगत आहे, हा खरा फरक आहे. संपादक म्हणून तुम्ही हाच प्रश्न प्रत्येक कथेला विचारलात, तर ‘बोध हवा की नको’ हा मंडळातला जुना, कधीही न सुटणारा वाद तुम्हाला घालावाच लागणार नाही.

तुम्ही उल्लेख केलेली मोबाइलवरची कथा उदाहरणासाठी घेऊ. मुलगा दिवसभर मोबाइल बघतो, त्याचे डोळे बिघडतात, डॉक्टर अर्धे पान उपदेश करतात, मुलगा क्षमा मागतो, कथा संपते. या कथेत मुलाला काय हवे आहे, हे कोणीच विचारलेले नाही. त्याच्या हातात मोबाइल आला कसा? आई कामात असेल, वडील मुंबईला असतील, शेजारची मुले क्रिकेटमध्ये त्याला घेत नसतील. लेखकाला कथा परत देताना ‘शेवट काढा’ एवढेच सांगितले, तर शेवट नसलेली तीच कथा परत येईल. त्याऐवजी ‘चार्जर लपवलेला आहे आणि तो शोधायचा आहे, तिथून मुलाच्या बाजूने सुरू करून पाहा’ असे सांगा. मुले ती जागा एका वाक्यात ओळखतील. पुढे त्या मुलाचे काय होते, हे लेखकालाही लिहिता लिहिता कळेल, आणि कदाचित त्यातून मूळच्यापेक्षा अधिक खरा बोधही निघेल.

हीच कसोटी तुमच्या गोष्टीलाही लावली पाहिजे. मला तुमची गोष्ट आवडली आणि ती मुलांची आहे, असे मला वाटते. पण ती मुलांची होते चौथ्या परिच्छेदापासून. पहिल्या तीन परिच्छेदांत पावसाळ्याचे आल्हाददायक वातावरण सर्वत्र पसरले आहे, निसर्गाने हिरवा शालू परिधान केला आहे आणि खाडीचे पाणी संथपणे वाहत आहे. हा हिरवा शालू शालेय निबंधातून आला आहे. तो तुम्हीच वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून दिला असेल आणि वहीत आला तेव्हा त्याला बरोबरची खूणही केली असेल. त्यानंतर तुमचे खरे पहिले वाक्य येते: ‘छत्री तरीतच राहिली, हे मुक्ताला धक्क्यावर चढल्यावर कळले.’ एवढ्या एका वाक्यात मुलगी आली, छत्री आली, खाडी ओलांडायची होडी म्हणजे तर आली, धक्का आला आणि मुख्य म्हणजे संकट आले. आता मुक्ता घरी काय सांगणार, या काळजीने कोणतेही आठ वर्षांचे मूल पुढे ऐकेल. पाऊस निराळा सांगायची गरजच नाही, कारण छत्री आहे आणि मुक्ता भिजते आहे. पहिले तीन परिच्छेद काढून टाका. इतरांच्या कथांना शेवटी जे शेपूट जोडलेले आहे, ते तुमच्या गोष्टीला डोक्याकडून जोडलेले आहे, एवढाच फरक.

आणखी दोन जागा. मुक्ता आईला ‘छत्री मैत्रिणीला दिली’ असे खोटे सांगते, तिथे मंडळाने ‘खोटे बोलण्याचे दुष्परिणाम’ दाखवायला सुचवले. तुम्ही ते केले नाहीत, हे चांगले झाले. पण त्या खोट्याचा धागा तुम्ही तसाच सोडून दिला आहे आणि ते मुलांना खटकेल. आईने दुसऱ्या दिवशी त्या मैत्रिणीच्या आईला विचारले तर? मूल हा प्रश्न विचारतेच, म्हणून त्याचे उत्तर तुमच्याजवळ तयार असायला हवे, मग ते गोष्टीत येवो अथवा न येवो. दुसरी जागा शेवटाची. छत्री घ्यायला मुक्ता धावत धक्क्यावर जाते, तेव्हा तरीवाले काका स्वतःच ती उघडून, वल्हे मांडीवर ठेवून, मजेत बसलेले असतात. हे चित्र उत्तम आहे. मुले इथे हसतील. पण नंतर ते काका ‘बाळ, तुझी छत्री मी जपून ठेवली आहे’ असे पाठ्यपुस्तकातले वाक्य बोलतात. तुमच्या खाडीवरचा कोणता तरीवाला असे बोलतो? त्याला त्याच्या बोलीत बोलू द्या. गाव, बोली, खाडीचे नाव हे सगळे पुसून ‘एका गावात’ लिहिले की गोष्ट सर्वांची होते, हा समज मराठीत फार पसरलेला आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा होता आणि फुरसुंगी कधीही न पाहिलेल्या मुलांनी त्याला आपला मानले.

अण्णांच्या ‘मोठ्यांसाठी लिहा’ या सूचनेवर मी फार वेळ घालवणार नाही. विंदा करंदीकरांनी ‘राणीची बाग’ १९६१ मध्ये प्रसिद्ध केली, पुढेही बालकवितांचे संग्रह काढत राहिले, आणि २००३ चे ज्ञानपीठ ज्यांना मिळाले ते हेच विंदा. भा. रा. आणि लीलावती भागवतांनी १९५१ मध्ये मुलांसाठी ‘बालमित्र’ मासिक सुरू केले आणि पुढेही दोघे मुलांसाठी लिहीत राहिले. माधुरी पुरंदरे घरातल्या अगदी साध्या प्रसंगांवर चित्रपुस्तके करतात आणि ती पाहिली की ‘सोपे’ लिहिण्यासाठी किती कातरकाम करावे लागते, हे कळते. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्याला स्वतंत्र पुरस्कार देते. मंडळात कधी गरज पडली तर यातले एखादे उदाहरण सांगा, पण अण्णांना उद्देशून नको. त्यांच्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

आधी बैठकीची पद्धत. कुठल्याही गावातल्या लेखक मंडळाला हे लागू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बहुतेक मंडळांत लेखक स्वतः आपली कथा वाचतो, वाचताना आवाजाने सगळी भोके बुजवतो, मग टाळ्या होतात, दोघे-तिघे ‘छान’ म्हणतात आणि पुढचा उभा राहतो. बालकथांपुरता हा क्रम मोडा. कथा दुसऱ्या सभासदाने वाचावी, तीही आधी न बघता. लेखकाने तोंड मिटून, हातात पेन्सिल आणि समोर आपली प्रत घेऊन बसावे आणि वाचणारा जिथे अडखळला, जिथे वाक्य दोनदा वाचावे लागले, जिथे त्याचा सूर आपोआप उपदेशाचा झाला, तिथे खूण करावी. नंतर ऐकणाऱ्यांनी ‘छान’ आणि ‘बोध’ हे दोन शब्द न वापरता एवढेच सांगावे की कान कुठे टवकारले, लक्ष कुठे सुटले आणि काय समजले नाही. लेखकाने खुलासा करायचा नाही, कारण छापलेल्या पुस्तकासोबत तो प्रत्येक घरी खुलासा करायला जाणार नसतो. पहिल्या एक-दोन बैठकांत हे सगळ्यांना जड जाईल. म्हणून सुरुवात तुमच्याच गोष्टीने करा. संपादकाची कथा सर्वांत आधी चिरफाडीला आली की इतरांचा धीर वाढतो.

त्याच बैठकीत वयाचा प्रश्न मिटवा. ‘वय वर्षे ३ ते १४’ असे लिहिलेला संग्रह कोणाच्याच हाती नीट बसत नाही. त्यातही ऐकण्याची गोष्ट निराळी आणि मुलाने स्वतः वाचायची निराळी. पहिली-दुसरीतले मूल तुमची छत्रीची गोष्ट ऐकताना लांब वाक्येही सहज पेलेल, पण तीच स्वतः वाचताना दुसऱ्या ओळीतल्या ‘आल्हाददायक’वर थांबेल. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी वाचनाच्या चार पातळ्यांमध्ये लावून ठेवल्या आहेत आणि त्या विनामूल्य वाचता येतात. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंकही संकेतस्थळावर पाहायला मिळतात. मंडळातल्या प्रत्येकाने संग्रहासाठी कथा देण्याआधी यातल्या दहा-बारा गोष्टी वाचाव्यात, अशी अट घाला. बालसाहित्य लिहिणाऱ्या प्रौढांपैकी फार थोडे जण आजचे बालसाहित्य वाचतात. आपण लहानपणी जे वाचले, त्याच्या आठवणीवर लिहीत राहतो आणि म्हणून अजूनही आपल्या कथांत ससा, कासव आणि लाकूडतोड्या येतात.

यानंतर मुलांकडे जा. तुमची जुनी शाळा नको. तिथे तुम्ही ‘बाई’ आहात आणि मुले बाईंना ‘होऽऽ’ म्हणतात. तुम्ही शिक्षिका असण्याचा जसा फायदा आहे, तसा हा तोटाही आहे. दुसऱ्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांची परवानगी काढा किंवा वाचनालयाच्या बालविभागात, असल्यास, शनिवारी दुपारी दहा-बारा मुले जमवा. लेखकाचे नाव न सांगता दोन कथा वाचा, एक तुमची आणि एक दुसऱ्या कुणाची. वाचणारा शक्यतो तिसराच असावा, म्हणजे तुम्हाला मागे बसून मुलांकडे बघता येईल. कोण कधी खिडकीबाहेर पाहू लागला, कुणी शेजारच्याला कोपर मारले, कुठे सगळे एकदम गप्प झाले, हे टिपा. ‘आवडली का?’ असे विचारू नका. मधेच थांबून ‘आता काय होईल?’ हे विचारा आणि आठवड्याने परत जाऊन ‘त्या दिवशीची गोष्ट मला सांगता का?’ एवढेच म्हणा. मुले जे सांगतील ती तुमची खरी गोष्ट आहे, आणि जे गाळतील ते बहुधा तुम्हालाही गाळता येईल. एक पथ्य मात्र पाळा: मुलांचे फोटो आणि नावे पालकांना विचारल्याशिवाय मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर टाकू नका. उत्साहात हे सर्रास होते आणि ते बरोबर नाही.

आता संग्रहाचे आणि पैशांचे. माझ्या मते तुमच्या अडचणीचे मूळ इथेच आहे. अण्णांचा स्वभाव नंतरचा. ज्याने चार हजार दिले त्याची कथा छापलीच पाहिजे, असा मंडळाचा अलिखित करार आहे. असा करार असेल तर संपादकाने करायचे काय उरते? मुद्रितशोधन. तेव्हा निवड आणि वर्गणी या दोन गोष्टी वेगळ्या करा, असा लेखी प्रस्ताव पुढच्या बैठकीत मांडा. वर्गणी मंडळाच्या उपक्रमासाठी आहे, पानासाठी नाही. कथा कोणत्या वयासाठी, किती शब्दांची, आणि संपादक ती सूचनांसह परत देऊ शकतो, हे आधी ठरलेले असावे. ज्याला हे पटणार नाही, त्याने वर्गणी परत घ्यावी, त्यात राग नसावा. एकट्या संपादकावर भार नको वाटत असेल तर तिघांची समिती करा आणि त्यात मंडळाबाहेरचा एक जण घ्या, उदाहरणार्थ पहिली-दुसरीला सध्या शिकवणारी एखादी तरुण शिक्षिका.

साठ हजार रुपये आणि पाचशे प्रती या हिशेबाकडेही पुन्हा पाहा. पाचशेपैकी प्रत्येक सभासद वीस-तीस प्रती उचलून नातेवाइकांना देईल आणि उरलेले गठ्ठे कुणाच्या तरी पलंगाखाली जातील. हे तुमच्याच नव्हे, गावोगावच्या प्रातिनिधिक संग्रहांचे होते. डिजिटल छपाईत शंभर-दीडशे प्रतीही काढता येतात. पाने सोळाच्या पटीत बसवली की कागद वाया जात नाही, म्हणून अकरा कथा कोंबण्यापेक्षा सहा-सात निवडा आणि अक्षर मोठे ठेवा. वाचलेला पैसा चित्रकाराला द्या. गावातल्या कलाशिक्षकाकडून किंवा तिथून शिकून गेलेल्या एखाद्या मुलीकडून कृष्णधवल रेखाटने करून घ्या, त्यांना मानधन द्या, नाव मुखपृष्ठावर घाला. इंटरनेटवरून उचललेली चित्रे वापरू नका, त्यांचे हक्क कुणाचे तरी असतात. कथेचा हक्कही मुळात लेखकाचाच असतो आणि १९५७ च्या कायद्याप्रमाणे त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. म्हणून प्रत्येक लेखकाकडून ‘या संग्रहात छापण्यास परवानगी’ अशी दोन ओळींची चिठ्ठी घ्या, पुढे तीच कथा त्याला दुसरीकडे देता येईल. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. त्यासाठी कुणी मध्यस्थ पैसे मागत असेल तर देऊ नका.

बालदिनाचा मुहूर्तही सोडा, असे मी सुचवेन. १४ नोव्हेंबरच्या आसपास पुष्कळदा दिवाळीची सुट्टी असते, शाळा बंद असतात आणि प्रकाशनाला मुले सोडून सगळे येतात. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन घ्या, म्हणजे शाळा भरलेली असेल आणि तुम्हाला कथा परत पाठवून पुन्हा मागवायला काही महिने मिळतील. तोवर मंडळाला काहीतरी हाती लागल्याचे समाधान हवेच असेल, तर एक हस्तलिखित काढा. आपल्या शाळांमधून ही परंपरा होती, अजूनही काही ठिकाणी आहे. सभासदांनी कथा द्याव्यात, मुलांनी त्या आपल्या अक्षरात उतरवाव्यात आणि चित्रे काढावीत. मूल कोणत्या कथेला चित्र काढायला हात वर करते, यात तुमची अर्धी निवड होऊन जाईल.

अण्णांचे आता सांगतो. तुम्ही लिहिले आहे की ते बंदर खात्यातून निवृत्त झाले आहेत, आणि कथा दिली आहे ती कोल्ह्याची. त्यांची कथा बैठकीत नाकारू नका आणि चिठ्ठी लिहूनही परत पाठवू नका. त्यांच्या घरी जा. कथेतले दोष सांगण्याऐवजी त्यांच्या लहानपणी खाडीत कोणती गलबते येत, त्यांत काय माल असे, दिवा कोण लावत असे, वादळाचा बावटा चढला की गावात काय गडबड उडे, हे विचारा आणि लिहून घ्या. मग ‘अण्णा, कोल्ह्याच्या ऐवजी हे द्या, आमच्या मुलांना हे कुणी सांगितलेलेच नाही’ असे म्हणा. माझा अंदाज आहे की ते देतील. मंडळात ज्येष्ठांना काय हवे असते, याचा विचार आपण क्वचित करतो. त्यांना बोध हवा असतो, कारण आपल्याजवळ देण्याजोगे काहीतरी आहे असे त्यांना वाटते, आणि ते खरेही असते. फक्त ते कोल्ह्याच्या तोंडी घालायचे नसते. ते तरीही कोल्ह्यावर अडून बसले, तर कथा समितीकडे जाऊ द्या आणि निर्णय तिघांचा म्हणून कळवा.

मंडळ सोडू नका. दर महिन्याला ठरलेल्या वेळी जमून एकमेकांचे लिखाण ऐकणारी पंधरा माणसे तालुक्याच्या गावात सहज मिळत नाहीत, आणि नवे मंडळ काढलेत तर वर्षभरात त्यातही तीच माणसे येतील. त्याऐवजी मंडळातल्या मंडळात मुलांसाठी लिहिणाऱ्या तिघा-चौघांचा गट करा आणि मूळ बैठकीच्या आधी तासभर भेटा. ज्यांच्या गावात मंडळच नाही, त्यांनी वाचनालयाच्या ग्रंथपालांशी बोलून महिन्यातून एका शनिवारचे कथावाचन सुरू करावे. लेखक नंतर जमतात, मुले आधी जमतात. तुमची छत्रीची गोष्ट मात्र संग्रहासाठी अडवून ठेवू नका. डोके कापून, काकांची बोली सुधारून, मुलांना ऐकवून ती एखाद्या मुलांच्या मासिकाकडे पाठवा. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवावी आणि उत्तर येईपर्यंत दुसरीकडे देऊ नये. ती मासिकात आली, तर त्या संपादकाच्या परवानगीने आणि तसा उल्लेख करून संग्रहातही घेता येईल.

मंडळाने तुमचा लेखी प्रस्ताव फेटाळला, म्हणजे पैसे देणाऱ्या सगळ्यांच्या कथा आल्या तशा छापायच्याच असे ठरले, तर भांडू नका. गोष्ट द्या, वर्गणीही द्या, मुद्रिते तपासायची असतील तर तीही तपासून द्या. संपादक म्हणून आपले नाव तेवढे छापू देऊ नका आणि तसे अध्यक्षांना आधीच, पुस्तक छापखान्यात जाण्यापूर्वी, लिहून कळवा.